चालू, अडकलं, झालं

मधुसूदन खांबेटे घाबरट आहे असं त्याच्या तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण तसं म्हटलं तर तो आणखी घाबरेल अशी सगळ्यांना काळजी वाटे. तो लिफ्टला घाबरे, जिन्यालाही घाबरे, आणि फोन वाजला की आधी त्याचा चेहरा पडे, मग तो नाव बघे. पण माणूस इतकी वर्षं नोकरी करतो म्हणजे त्याने आपल्या भीतीची काहीतरी सोय लावलेली असते. मधुसूदननेही लावली होती.

चाकणजवळ एका कारखान्याची मोठी शेड बांधायचं काम त्याच्या कंपनीकडे होतं आणि त्या कामाचं नियोजन त्याच्याकडे. नियोजन म्हणजे कुठलं काम कधी व्हायला हवं ते लिहायचं, आणि ते का झालं नाही ते नंतर त्याच्याच शेजारी लिहायचं. हे सगळं संगणकातल्या एका तक्त्यात होतं. तो तक्ता असा लांबरुंद होता की उघडणारा माणूस उजवीकडे सरकत सरकत पुढच्या वर्षात कुठेतरी हरवे आणि मुकाट्याने तो बंद करी. शेड उभी राहीना, पण तक्ता भक्कम उभा होता आणि मधुसूदन त्याच्या आडोशाला सुखात होता.

मग निवेदिता मॅडम आल्या. प्रकल्पाच्या नव्या प्रमुख. पहिल्याच दिवशी त्यांनी साइटवरच्या कंटेनर ऑफिसात तक्ता उघडायला लावला, उजवीकडे सरकायला सुरुवात केली आणि बराच वेळ सरकत राहिल्या. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "खांबेटे, यातून मला काय कळलं माहितीय का?"

"काय, मॅडम?"

"काहीही नाही. मला भिंतीवर एक बोर्ड हवाय. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. काय चालू आहे, काय अडकलंय, काय झालंय, ते दारातून आत येणाऱ्या माणसाला उभ्याउभ्या दिसलं पाहिजे. आणि प्रत्येक चिठ्ठीवर ज्याचं काम त्याचं नाव."

मधुसूदन भिंतीकडे बघायला लागला. भिंतीवर? म्हणजे कुणीही बघणार? त्याने भीत भीत विचारलं, "नाव... पूर्ण लिहायचं का आद्याक्षरं चालतील?"

मॅडमनी फक्त पाहिलं. त्याने मानेनेच 'पूर्ण' असं मान्य केलं.

आता बोर्ड आणायचा म्हणजे काय मोठंसं? पण चिंचवडच्या दुकानदाराने चाकणपर्यंत माल पोचवायला नकार दिला आणि तो पांढरा भलामोठा फळा आकुर्डीला मधुसूदनच्या घरी आणून टाकला. फळा लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्याने चढवला आणि मजल्यामजल्यावर दारं उघडली. पहिल्या मजल्यावर कुणीतरी कोचिंग क्लास काढताय का म्हणून विचारलं. दुसऱ्यावर सोसायटीचे चेअरमन दारातच उभे होते. थकबाकीदारांची नावं लावायला फळा आणला अशी त्यांची समजूत झाली, आणि त्या यादीत पहिलं नाव कुणाचं येईल ते त्यांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी 'सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय' अशी सुरुवात केली. फळा सोसायटीचा नसून कंपनीचा आहे हे पटवेपर्यंत मधुसूदनचे हात बधिर झाले.

शेजारचा क्षितिज मात्र खूश झाला. हिंजवडीत आयटीत होता तो. "काका, आम्ही रोज हेच करतो! तीन रकाने करा. या माझ्याकडच्या रंगीत चिठ्ठ्या घ्या. सकाळी सगळ्यांनी बोर्डापुढे उभं राहायचं आणि चिठ्ठ्या डावीकडून उजवीकडे हलवायच्या. फार समाधान वाटतं."

"आणि कामं?"

"कामं पण हलतात," क्षितिज म्हणाला. जरा विचार करून त्याने "बहुतेक" असं जोडलं.

सुमेधा, मधुसूदनची बायको, शाळेत शिकवते. ती फळ्याकडे कंबरेवर हात ठेवून बघत होती. "अहो, त्या चिठ्ठ्यांवर नावं नका घालू. मी वर्गात बोलणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहायची कधीच बंद केली."

"का? मुलं ऐकेनात?"

"मुलं ऐकायची. पालक यायला लागले."

मधुसूदनला ते पटलं. पण सुमेधा घरात होती आणि मॅडम ऑफिसात, आणि पगार ऑफिसातून येत होता.

टेम्पोत फळा घालून तो चाकणला पोचला तर गेटवरच्या सिक्युरिटीने अडवलं. "मटेरियल आहे. चलन दाखवा."

"अहो, मटेरियल नाही, फळा आहे."

"आत जातंय म्हणजे मटेरियल. कशासाठी?"

"कामं लावायला."

"कामाला लावायचं असेल तर एचआरला भेटा."

हा संवाद बराच चालला. शेवटी फळा रजिस्टरात चढला. परत बाहेर जाणार की नाही, असा तिथे एक रकाना होता. गोंधळून मधुसूदनने 'नाही' लिहिलं. लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता हे प्रकरण कितीही बिघडलं तरी फळा परत नेता येणार नाही.

फळा कंटेनरच्या भिंतीवर लागला. मधुसूदनने सुवाच्य अक्षरात तीन रकाने आखले. चालू, अडकलं, झालं. 'अडकलं'च्या चिठ्ठ्या लाल, 'झालं'च्या हिरव्या, बाकीच्या पिवळ्या. पहिली अडचण अशी निघाली की बांधकामाच्या धुळीत क्षितिजच्या चिठ्ठ्या चिकटत नव्हत्या. हिंजवडीतल्या एसीत ज्या महिनोन्‌महिने टिकत त्या इथे दार उघडलं की भुरूभुरू खाली पडत, आणि येणारा-जाणारा त्या उचलून जिथे जागा दिसेल तिथे लावून टाकी. त्यात पाण्याच्या टाकीची चिठ्ठी 'झालं'मध्ये गेली आणि कामावरच्या बायका बादल्या घेऊन टाकीकडे गेल्या. टाकी नव्हतीच. मग जयदीप, म्हणजे साइटवरचा तरुण इंजिनिअर, त्याने सगळ्या चिठ्ठ्या चिकटपट्टीने घट्ट बसवल्या. "आता वादळ आलं तरी हलणार नाहीत, सर."

हलल्या नाहीत, आणि सगळ्यांना नीट वाचता यायला लागल्या. तिथूनच खरी भीती सुरू झाली.

लाल रकान्यात एक चिठ्ठी होती. 'पूर्वेकडचा भराव – रोलरने दाबणे – दादासाहेब.' ही गोष्ट खरी होती. शेडच्या पूर्वेला जमीन खोल होती. तिथे मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून थरावर थर पक्का करायचा होता. मुरूम पडला होता, वरून सपाट करून झाला होता आणि बघायला झकास दिसत होता. फक्त रोलर बरेच दिवस गायब होता. मुरूम आणि रोलर, दोन्ही दादासाहेबांचे. दादासाहेब तिथलेच. कारखान्याखाली गेलेली जमीन एकेकाळी त्यांच्या घराण्याची होती, आणि आता त्या पट्ट्यातले निम्मे डंपर त्यांचे होते. ते मोठ्याने कधी बोलत नसत. तसं बोलायची गरज पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

एका दुपारी जयदीप धावत आला. "सर, दादासाहेब येतायत. तुम्हाला थांबायला सांगितलंय."

मधुसूदनने आधी टेबलाखाली बघितलं. तिथे झेरॉक्सचे कागद होते. मग खिडकीकडे बघितलं. तिला गज होते. एवढ्यात बाहेर पांढरी गाडी थांबली आणि दादासाहेब आत आले. खुर्चीवर बसले आणि मधुसूदनच्याच ऑफिसात मधुसूदनला म्हणाले, "बसा, सायेब. चा घ्या."

मधुसूदन बसला. चहा आला.

"आमचं नाव तुमी भिताडाला लावलंय म्हनं."

"म्हणजे तसं नाही... सगळ्यांचीच आहेत..."

दादासाहेब फळ्यापुढे उभे राहिले. "ह्ये तांबड्या कागदावर काय लिवलंय?"

"अडकलं."

"कोन अडकलं?"

"काम."

"आन् नाव कुनाचं हाय?"

"आपलं."

"मंग अडकलं कोन?"

या प्रश्नाला व्याकरणातून उत्तर होतं, पण ते सांगायची मधुसूदनची छाती होईना.

"आवो, माझ्या आज्यानं या रानात हरभरा केला," दादासाहेब हळू आवाजात म्हणाले. "आन् हितंच माझं नाव तांबडं? तेबी ऱ्हाऊ द्या. आमचा चुलतभाऊ रणजीत, तुमाला खडी देतो त्यो. त्याचं नाव हिरव्यात. त्यानं फोटू काढला आन् भावकीच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपात आमचं व्हनारं पाव्हनं हायती. आमच्या लेकीची, जयमालाची, सोयरीक चाललीय. काल त्यांचा फोन आला. म्हनं, दादासाहेब, कुटं अडकलाय म्हनं तुमी?"

हे बोलताना त्यांचा आवाज जरा हलला. मधुसूदनने चमकून पाहिलं. भीती हा त्याचा इतक्या वर्षांचा विषय असल्यामुळे ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर त्याला ताबडतोब ओळखू आली. दादासाहेबही घाबरले होते. पण घाबरलेल्या दादासाहेबांची त्याला जास्तच भीती वाटली.

"त्ये हिरव्यात घ्या," दादासाहेब म्हणाले.

"पण रोलर अजून..."

"रोलर मेव्हन्याच्या प्लॉटिंगवर गेलाय. यील. मी न्हाई म्हनतो का? तवर हिरव्यात घ्या. मी फोटू काढतो आन् जातो. मागनं तुमी काय करायचं त्ये करा."

हे शेवटचं वाक्य मधुसूदनला बुडत्याला ओंडका सापडावा तसं वाटलं. फोटोपुरतं लावायचं, फोटो झाला की काढायचं. त्याने हिरव्या कागदावर नवी चिठ्ठी लिहिली, 'झालं'मध्ये लावली आणि लाल चिठ्ठी खिशात घातली. दादासाहेब फळ्याशेजारी ताठ उभे राहिले, जयदीपने फोटो काढला. दादासाहेब जायला वळले आणि दारात त्यांना निवेदिता मॅडम भेटल्या.

मॅडमनी सवयीने आधी फळा पाहिला. "अरे वा! पूर्वेचा भराव झाला?"

मधुसूदनने तोंड उघडलं. मॅडमच्या खांद्यामागून दादासाहेब त्याच्याकडे बघत होते.

"झाला की, बाई," दादासाहेब म्हणाले.

"खांबेटे?"

"ह्ं," मधुसूदनच्या तोंडून आवाज आला. पुढे या 'ह्ं'चा अर्थ हो होता की नाही यावर बरीच चर्चा झाली. त्या वेळी मात्र मॅडमनी तो हो असाच घेतला आणि तिथल्या तिथे फोन लावला. "क्रेन मोकळी आहे ना? मग उद्या सकाळी पाठवा. पूर्वेच्या बाजूने लोखंडी खांब उभे करायला घेऊ."

क्रेन! अवजड यंत्र, त्याच्या पुढे टांगलेला लोखंडी खांब, आणि हे सगळं त्या भुसभुशीत मुरमावर. मॅडम बोलत बोलत बाहेरही गेल्या. मधुसूदन त्यांच्या मागे गेला, पण दोन वेळा "मॅडम" म्हणण्यापलीकडे त्याच्याने काही झालं नाही, आणि दुसऱ्या वेळी तर तो नुसतेच ओठ हलवत होता.

घरी आल्यावर त्याने पोळी मोडली आणि तशीच ठेवली. सुमेधाने पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं. मुलांकडून काढून घेते तसंच.

"मग मॅडमना फोन करा."

"त्या विचारतील, खोटी चिठ्ठी का लावली."

"विचारू देत की."

"नोकरी जाईल, सुमेधा."

"आणि क्रेन पडली तर?"

त्याने फोन लावला. एक रिंग वाजली आणि त्याने तो कापला. मग मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि शेवटी 'शुभ रात्री, मॅडम' एवढाच पाठवला. मॅडमकडून अंगठ्याचं चित्र आलं. सुमेधा त्याच्याकडे नुसती बघत राहिली, आणि ते बघणं दादासाहेबांपेक्षा, मॅडमपेक्षा त्याला जड गेलं.

सकाळी तो लवकरच स्कूटरवर निघाला. क्रेनच्या आधी पोचायचं, हिरवी चिठ्ठी फाडायची आणि कुणी विचारलं तर वाऱ्याने उडाली म्हणायचं, असा त्याचा बेत होता. भोसरी ओलांडली आणि मोशीच्या अलीकडे वाहतूक ठप्प झाली. हॉर्नचा कल्लोळ, कंपन्यांच्या बसमधून डोकावणारी माणसं, आणि पुढे सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसणारी पिवळी, लांब, निवांत क्रेन. तीही अडकली होती! वाहतूक कोंडीत मनापासून देवाचे आभार मानणारा त्या दिवशी त्या रस्त्यावर तो एकटाच असेल. शेजारच्या रिक्षावाल्याने त्याचा हसरा चेहरा पाहून रिक्षा थोडी लांब घेतली.

पण क्रेनला सगळेच घाबरतात. तिने हॉर्न दिला, टेम्पो सरकले, मोटारी आक्रसल्या, आणि ती वाट काढत निघून गेली. स्कूटरला कोण घाबरणार? मधुसूदन तिथेच राहिला.

तो गेटवर पोचला तेव्हा क्रेन आत गेलेली होती. तिचे कागद व्यवस्थित होते. मधुसूदनचं ओळखपत्र मात्र कालच्या शर्टात राहिलं होतं.

"ओळखपत्राशिवाय सोडता येत नाही, साहेब."

"अहो, मी खांबेटे! रोज बघता मला!"

"मी ओळखतो हो. पण ओळखपत्र..."

मधुसूदनने आयुष्यात कधी वाकड्या जागी गाडी लावली नव्हती. त्याने स्कूटर तिथेच, मधोमध, सिक्युरिटीच्या अंगावर सोडून दिली आणि तो पळत सुटला. पोट हलत होतं, हेल्मेट डोक्यावर तसंच होतं, डबा हातात होता. मागून शिट्टी वाजत होती.

पूर्वेच्या बाजूला सगळे जमले होते. निवेदिता मॅडम, जयदीप, आणि फोटोतल्याच कडक इस्त्रीत दादासाहेब. क्रेन भरावावर चढली होती. तिचे बाजूचे लोखंडी पाय बाहेर आले होते आणि खाली लाकडी फळ्या टाकून जमिनीवर टेकत होते. मधुसूदन थेट क्रेनपुढे जाऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हात पसरले. एका हातात डबा होता.

"थांबा!" तो ओरडला. आवाज चिरकला, पण निघाला.

"खांबेटे, बाजूला व्हा!" मॅडम ओरडल्या.

"भराव दाबलेला नाहीये!"

"बोर्डवर झालं लिहिलंय!"

"मी लावली ती चिठ्ठी. खोटी आहे ती. घाबरून लावली."

"कुणाला घाबरून?"

मधुसूदनने दादासाहेबांकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं. "सगळ्यांनाच," तो म्हणाला.

दादासाहेब पुढे आले. "बाई, ह्या सायबाचं काय मनावर घेऊ नका. भराव कसा झालाय बघा की, आरशागत..."

त्यांचं बोलणं तिथेच राहिलं. कारण क्रेनचा मागचा पाय खाली जायला लागला होता. धाडकन नाही, अगदी सावकाश. फळी आधी तिरकी झाली, मग तिच्या कडेने मुरूम वर आला, आणि तो लोखंडी पाय गुडघ्याएवढा आत गेला. क्रेनचा आभाळातला हात हळूच कलला. कुणी ओरडलं नाही. ओरडलो तर तेवढ्यानेही ती पडेल असं प्रत्येकाला वाटलं. ऑपरेटरने पलीकडून उडी मारली, धडपडला, उठला. क्रेन कुरकुरली, तशीच कललेली राहिली आणि थांबली. हुकाला अजून खांब अडकवलेला नव्हता, एवढ्यावर निभावलं.

ऑपरेटर बिहारकडचा होता. त्याने आधी भरावाकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. "साहब," तो म्हणाला, "मैं ऊपर बैठा था." एवढंच म्हणाला आणि खडीच्या ढिगावर जाऊन बसला. मधुसूदन त्याच्या शेजारी जाऊन बसला. त्याने डबा उघडून पुढे केला. दोघांनी थोडी थोडी पोळी खाल्ली.

दादासाहेबांनी खिशातून फोन काढला. "मेव्हनं, रोलर सोडा. न्हाई, आत्ता. प्लॉटिंग गेलं खड्ड्यात, आत्ता सोडा." मग ते ऑपरेटरकडे गेले आणि त्याच्यापुढे उभे राहिले. शेवटी त्यांनी त्याच्या पाठीवरची माती झटकली. बराच वेळ झटकत राहिले.

बरेच दिवस न आलेला रोलर तासाभरात आला. दुसरी क्रेन आणून पहिलीला बाहेर काढावं लागलं आणि त्यात तो सगळा दिवस गेला. मॅडमनी मधुसूदनला कंटेनरमध्ये बोलावलं आणि इतक्या शांतपणे झापलं की ओरडल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. ताकिदीचं पत्र मिळेल म्हणाल्या. वरती कळवावं लागेल म्हणाल्या. मग दादासाहेब, जयदीप आणि सगळ्या ठेकेदारांना आत बोलावून त्यांनी फळ्याकडे बोट केलं.

"हा बोर्ड इथेच राहील. नियम एकच. जो माणूस 'झालं'मध्ये चिठ्ठी लावेल, त्याने त्या कामाखाली किंवा कामापुढे स्वतः उभं राहून दाखवायचं. आज खांबेटे उभे राहिले तसं."

सगळे एकेक करून बाहेर गेले. जाताना प्रत्येकाने फळ्याकडे एकदा वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मधुसूदन कामावर आला तेव्हा ओळखपत्र गळ्यात होतं आणि पत्र अजून आलं नव्हतं. जयदीप कंटेनरच्या दाराबाहेर उभा होता. आत जात नव्हता.

"काय झालं?"

"बघा ना, सर."

मधुसूदनने दारातून डोकावलं. फळ्यावरचा हिरवा रकाना पार रिकामा होता. पायऱ्या, नाली, कंपाउंड भिंत, वॉचमनची केबिन, ज्या कामांची बिलंसुद्धा निघून गेली होती ती सगळी गुपचूप 'चालू'मध्ये परत आली होती. रणजीतची खडीसुद्धा. आणि त्या गर्दीत, जयदीपच्या अक्षरात, एक चिठ्ठी होती. 'कंटेनर ऑफिस – जागेवर बसवणे.'

"ही हिरव्यातून का काढलीस?" मधुसूदनने विचारलं.

"सर, बसवला तेव्हा मी नव्हतो," जयदीप म्हणाला. "खाली काय घातलंय कुणास ठाऊक."

मधुसूदनने मान हलवली. मग त्याने डबा जयदीपकडे दिला, दाराची चौकट घट्ट धरली, एक पाय आत टाकून जमीन जरा दाबून पाहिली, आणि मगच दुसरा उचलला.